उजवा हात, डावा हात

छोट्या बाई शाळेत येईपर्यंत मोठ्या बाई मोठ्या नव्हत्या. त्या नुसत्या ‘बाई’ होत्या. शाळेत गणिताच्या बाई होत्या, चित्रकलेच्या बाई होत्या, पण ‘बाईंनी बोलावलंय’ एवढंच कुणी म्हटलं तरी इंग्रजीच्या बाईंनी बोलावलंय, हे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना कळायचं. मग वर्षाच्या मध्येच ती पंचविशीतली मुलगी इंग्रजी शिकवायला रुजू झाली आणि पहिल्याच मधल्या सुट्टीत एका कार्ट्यानं जिन्यावरून ओरडून विचारलं, “कुठल्या बाई रे? मोठ्या का छोट्या?” झालं. इतक्या वर्षांत कमावलेलं नाव एका मधल्या सुट्टीत गेलं आणि बदल्यात जे मिळालं, त्यात नुसतं वय होतं.

बाईंना हेवा वाटला. उगाच आडवळणानं कशाला सांगा? पोटात दुखायला लागलं आणि ते काही केल्या थांबेना. ती पोरगी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर बसून संत्रं सोलायची आणि सोलता सोलता फोनवर कुणाशी तरी फाडफाड इंग्रजी बोलायची. फोडी तोंडात टाकत! बाईंना त्या बोलण्यापेक्षा त्या फोडींचा जास्त राग यायचा. इंग्रजीसारखी गोष्ट, आणि ती संत्रं खाता खाता?

बाईंच्या हाताखाली इंग्रजीत कुणी नापास झालं नव्हतं. फळ्यावर त्या वाक्य लिहायच्या ते छापल्यासारखं. अक्षराला अक्षर, ओळीला ओळ. त्या वाचायच्या, वर्ग त्यांच्यामागून म्हणायचा, मग अर्थ आपल्या भाषेत, मग सगळं वहीत. तास संपला की फळा पुसायला मुलांच्या जिवावर यायचं. पण पुस्तकाबाहेरचं एक वाक्य बाई इंग्रजीतून बोलल्यात, असं शाळेत कुणी ऐकलं नव्हतं. एकदा कुठूनतरी परदेशी पाहुणे शाळा बघायला आले होते. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, तुम्ही जरा बोला त्यांच्याशी.” त्या दिवशी बाईंची दाढ इतकी दुखली की त्यांना घरी जावं लागलं. ती दाढ त्याच्या आधीही दुखली नव्हती आणि नंतरही नाही.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि त्याच्या जिभेला दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून धार आलेली होती. जेवताना बाई छोट्या बाईंचं काही ना काही काढायच्याच. कपडे कसे, चालणं कसं, वर्गात बाकं गोल मांडून कसला गोंधळ घालते. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “अगं, उद्या दुकानात ये. नंबर तपासू. तुला हल्ली एकच बाई दिसायला लागलीय.”

“मस्करी सुचतेय तुम्हाला. भिंतीपलीकडून सारखं हसू ऐकू येतं. इंग्रजीच्या तासाला कुणी हसतं का?”

“आम्ही हसतो,” मुलगी म्हणाली. ती शेवटच्या वर्षाच्या वर्गात होती, म्हणजे आईच्याच वर्गात, पण इंग्रजीचे निम्मे तास आता छोट्या बाई घ्यायच्या. “चुकलं की छोट्या बाईपण हसतात. पण आपल्याला नाही हसत गं, आपल्याबरोबर हसतात.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरीनं केस वर घेऊन मागे पेन्सिल खोचली होती. असे केस शाळेत एकच माणूस बांधायचा. नाव गेलं ते गेलं, वर्ग हसायला लागला तोही हसू दे, पण घरातली पोरगी? त्या उठल्या, ताटं गोळा केली आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांडी त्या नेहमी स्वतःच घासायच्या, दार लोटून, नळ मोठा सोडून. “पाणी किती वाया घालवतेस!” असं नवरा रोज ओरडायचा आणि रोज कुणी ऐकायचं नाही.

आता ही हाताची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शाळेत तपासणीला साहेब यायचे. मागच्या बाकावर बसायचे आणि किती मुलं हात वर करतात ते बघायचे. कित्येक वर्षांपूर्वी, स्वतः नवीन असताना, बाईंनी वर्गाला शिकवून ठेवलं होतं: प्रश्न आला की हात सगळ्यांनी वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. बाई फक्त उजव्यांना उठवणार. साहेबांना मागून काय, हातांचं रान दिसायचं. युक्ती इतकी नामी निघाली की गणित, भूगोल सगळ्यांनी उचलली आणि मोठ्या वर्गातली मुलं लहानांना ती आपणहून शिकवायला लागली. साहेब बदलत गेले, हात बदलले नाहीत.

मुलगी पहिल्यांदा बाईंच्या तासाला बसायला लागली तेव्हा तिला घरीच बजावलं होतं, “तू कायम डावा करायचा. येत असलं तरी. उगाच कुणी म्हणायला नको, बाई आपल्याच पोरीला विचारतात.” हे खरंच होतं. पण आणखी एक होतं, ते बाई बोलल्या नव्हत्या. पोरगी अडखळली असती तर अख्खा वर्ग म्हणाला असता, बाईंचीच ना ही? तेवढी जोखीम बाईंना घ्यायची नव्हती. मुलीनं एकदाही का म्हणून विचारलं नाही. तीन वर्षं तिचा डावा हात वर होता.

मग एक दिवस मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावलं. “एका वर्गाला दोघी दोन तऱ्हेनं शिकवताय. पालक विचारायला लागलेत. परीक्षेपर्यंत हा वर्ग एकीकडेच राहील. परवा साहेब येतायत, दोघींचा तास बघतील आणि सांगतील तसं करू.” शेवटच्या वर्षाचा वर्ग म्हणजे बाई, हे समीकरण होतं. तो गेला तर खालच्या वर्गांना अक्षरं गिरवायला लावायची. आणि स्वतःची पोरगी परीक्षेला बसणार ती दुसरीच्या हाताखालून.

तपासणीच्या आदल्या दिवशी छोट्या बाई त्यांच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. हातात संत्रं नव्हतं. चेहरा उतरलेला होता. “बाई, माझी पहिलीच तपासणी आहे हो. हात थरथरतायत. या वर्गाचं काही माहीत असायला हवं का मला? तुम्ही इतकी वर्षं शिकवताय.”

हात हा शब्द तिनंच काढला होता. सांगायला एक वाक्य लागलं असतं.

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “काही नाही. मुलं गुणी आहेत.”

दुसऱ्या दिवशी आधी बाईंचा तास झाला आणि घड्याळासारखा झाला. हातांचं रान उभं राहिलं, बाईंनी उजवे तेवढे वेचले, उत्तरं खणखणीत आली. साहेबांनी मान डोलावली. मग बाई मागच्या बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि छोट्या बाई आत आल्या. त्यांनी इंग्रजीतून सांगितलं की आज पुस्तक नाही. घरातल्या एका माणसाबद्दल बोलायचं, बाहेर कुणाला माहीत नसलेलं काहीतरी. कोण बोलेल?

एरवी छोट्या बाईंच्या तासाला हात कुणी वर करतच नसे, ज्याला सुचेल तो बोलायचा. मग पोरांनी मागे बसलेल्या साहेबांचा अंदाज घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि लाडक्या बाईंची लाज राखायला एकजात हात वर केले. मोठ्या बाईंनी मागून पाहिलं. डावे. उजवे असे इनमीन चार, बाकी झाडून सगळे डावे! पुस्तकातलं पाठ करून येतं, घरातलं कुठून येणार?

“वा! सगळेच तयार,” साहेब कुजबुजले.

“बघा ना पुढे,” बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात उकळ्या फुटत होत्या. असं सुख त्यांना कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

छोट्या बाईंनी खिडकीजवळच्या एका डाव्या हाताला उठवलं. पोरगा उठला आणि त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच. त्यानं हताशपणे मोठ्या बाईंकडे पाहिलं, जणू नियम कुणीतरी मोडला होता आणि तो त्यानं मोडला नव्हता. बाईंनी नजर फळ्यावर ठेवली. आता ही दुसऱ्याला उठवणार, तोही गप्प, मग तिसरा. पण तिनं दुसऱ्याला उठवलंच नाही. ती त्याच्या बाकाच्या कडेवर टेकली आणि थांबली. मग तिनं हळूच विचारलं, घरी कोण कोण असतं? पोरगा म्हणाला, काका. काका काय करतो? ट्रक चालवतो. मग पोरानं आपणहून पुढे सांगितलं, मोडकंतोडकं, क्रियापदं वाटेत सांडत: काका रात्रभर ट्रक चालवतो, पण घरी त्याला अंधारात झोपायची भीती वाटते, दिवा लागतो. वर्ग हसला. पोरगाही हसला. साहेबसुद्धा हसले.

त्या पोराला बाईंनी कधी उठवलंच नव्हतं. तो बोलतो कसा, हे बाईंना आज कळत होतं. त्याच्यामागून दुसरा डावा उठला, तिसरी उठली. चुका इतक्या की बाईंच्या अंगावर काटा येत होता, पण बोलणं थांबत नव्हतं.

आणि मग छोट्या बाईंनी त्यांच्या मुलीला उठवलं.

मुलीचा हात डावाच होता. तिनं आईकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, अगदी थोडी. नको. मुलीनं ते पाहिलं, आणि तोंड फिरवून बोलायला लागली. इंग्रजीतून.

“माझी आई इंग्रजी बोलते. स्वयंपाकघरात. दार लोटते आणि नळ सोडते. ती पाहुण्यांना या, बसा म्हणते, प्रवास कसा झाला विचारते, चहात साखर किती विचारते. पण पाहुणे नसतात. भांडी असतात. तिला वाटतं आम्हाला नळच ऐकू येतो. ती फार छान बोलते. मी रोज दाराबाहेर उभी राहून ऐकते.” ती थांबली. “मला वाटतं, तिनं एकदा माझ्याशी बोलावं.”

वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांना माहीत होतं तिची आई कोण ते. माहीत नव्हतं ते फक्त साहेबांना. ते बाईंकडे झुकले. “चांगली बोलली हो. कुणाची मुलगी?”

“माझी,” बाई म्हणाल्या.

त्यांना चुका मोजायच्या होत्या, त्यांना एकही आठवेना. लाज वाटत होती, पण लाजेच्या वर हेवा होता, आणि असला हेवा त्यांना संत्र्याचा वाटला नव्हता, केसातल्या पेन्सिलीचा वाटला नव्हता. पोरीच्या पोटात इतकी वर्षं असलेलं बोलणं बाहेर आलं, ते त्या परक्या पोरीनं थांबून ऐकलं म्हणून. आपण कधी विचारलं नाही. आपणच तिला सांगितलं होतं, डावा कर.

फळ्यापाशी छोट्या बाई डोळे पुसल्यासारखं करून हसल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, आणखी कोण बोलेल?

भराभर हात वर झाले. शेजारच्या साहेबांनी एकदम मान वळवली, तेव्हा बाईंना कळलं की आपलाही हात वर गेलाय. त्यांनी वर पाहिलं. डावा होता.

छोट्या बाईंना डावं-उजवं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मोठ्या बाईंनाच उठवलं.

बाई उठून उभ्या राहिल्या. समोर नळ नव्हता. त्यांनी पुढच्या बाकावरच्या, पेन्सिल खोचलेल्या डोक्याकडे पाहिलं, ते मागे वळेपर्यंत थांबल्या, आणि इंग्रजीतून तिला विचारलं, चहात साखर किती घालू?