भाकरी टांगायची दोरी

मी हयातभर यंत्रं थांबवणारी यंत्रं विकली. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे! पण चालत्या पट्ट्यात लुगड्याचा पदर जाताना ज्यानं पाहिलाय, तो हसत नाही. मुंबईच्या कंपनीत मला अधिकारी म्हणत, खिडकीजवळ टेबलही होतं, पण त्या टेबलाशी मी फार थोडा बसलो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. कापूस जिथं पिकतो तिथं आपला माल खपलाच पाहिजे, असं आमच्या साहेबांनी ठरवून टाकलं आणि बुलढाणा जिल्हा माझ्या गळ्यात मारला.

प्रवासात माझ्याबरोबर एक लोखंडी ट्रंक आणि एक बाई असे. बाई म्हणजे सरकीनं भरलेलं पोतं, त्याला जुनं लुगडं नेसवलेलं. शेगावला गाडीतून उतरलो की हमाल विचारायचा, "साहेब, वहिनीचं तिकीट काढलं का?" पहिल्यांदा मी हसलो. चौथ्यांदा त्याच्या अंगावर धावून गेलो. एसटीत तिला मांडीवर घेऊन मी सोनाळ्याला गेलोय, जानेफळला गेलोय, आणि अख्ख्या गाडीनं माझी यथेच्छ टिंगल केलीय.

पण तिच्याशिवाय माझा माल विकला जात नव्हता. कारखाना चालू असताना मी तिचा पदर पट्ट्यात सोडायचो. पट्टा तिला खेचायला लागला की भिंतीलगत ताणलेली दोरी ओढायचो. दोरीच्या टोकाला एक दांडी असे. ती खाली आली की मुख्य पट्टा मोकळ्या चाकावर सरके, ब्रेक लागे, आणि तीन म्हणेपर्यंत सगळं थंड. बाई शाबूत! बघणारे टाळ्या पिटायचे.

शेगावपासून तासाभराच्या वाटेवर एक जिनिंग होती. गावाचं नाव सांगत नाही. लांबलचक शेड, कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांची रांग, प्रत्येक यंत्रापाशी एक बाई उभी राहून हातानं कापूस भरवायची. पाठीमागं भिंतीपाशी फिरता लोखंडी दांडा, आणि त्यावरून प्रत्येक यंत्राकडं एकेक पट्टा. हवेत रुईचे तंतू इतके, की अर्ध्या तासात माझ्या मिशा पांढऱ्या व्हायच्या. मालक, शेठजी, मोठे चतुर गृहस्थ. म्हणाले, "साहेब, एक महिना लावून पाह्यतो. कामात खोडा घातला तं तुमची दोरी तुमाले वापस."

माझी माणसं दोरी बसवायला आली तेव्हा भिंतीत लाकडी खुंट्यांची एक रांग होती. दोरीच्या आड येत होती. मी म्हटलं, उपटा. कशाच्या खुंट्या, कोणाच्या खुंट्या, मी विचारलं नाही. मला घाई होती, आणि खरं सांगायचं तर खुंटीबद्दल कोणाला विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

बायांना मी नेहमीचा खेळ करून दाखवला. सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांच्यात एक म्हातारी होती, सगळ्यांची मुकादमीण. कमरेला चंची, तोंडात सुपारी. तिनं विचारलं, "पन साहेब, हे दोरी आमच्या डोक्याजोळ काहाले बांधली? आमाले काही इचारलं न्हाई."

"तुमच्या जिवासाठी बांधलीय, मावशी," मी म्हणालो आणि निघून आलो.

पंधरा दिवसांत शेठजींचं पत्र आलं. दोरी दिवसातून चार-पाच वेळा विनाकारण यंत्रं थांबवते, बायांचा खोळंबा होतो, मुंबईहून कोणी आला नाही तर दोरी काढून फेकून देतो. वर असंही होतं, की खामगावकडचे तीन जिनिंगवाले अमुक दिवशी दोरी बघायला यायचे आहेत. ते पटले तर त्यांच्याही कारखान्यांत बसवतील. मी मिळेल त्या गाडीनं निघालो. आमचे साहेब निघताना म्हणाले होते, हे जमलं नाही तर विदर्भ विसरा. साहेबांना काय, त्यांच्या मिशीला कधी रुई लागली नव्हती.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये शिरलो आणि माझं डोकं सणकलं. माझ्या दोरीला गाठोडी टांगलेली! या टोकापासून त्या टोकापर्यंत भाकरीची गाठोडी, पाण्याच्या बाटल्या, एकीची चप्पलसुद्धा. वजनानं दोरी खाली लोंबली होती. एखादीनं गाठोडं काढायला हात लावला की दांडी हलायची आणि सगळा कारखाना गप्प व्हायचा.

"ही काय धुणं वाळत घालायची दोरी आहे का?" मी ओरडलो. तोंडाला येईल ते बोललो. माझ्या सर्वांत जवळ जी बाई होती, चाळिशीची, काटकुळी, तिच्या हातून गाठोडं हिसकावून मी जमिनीवर टाकलं. भाकरी सरकीच्या धुळीत पडली. तिनं ती उचलली, फुंकली, पदरात बांधली. "चुकलं साहेब," एवढंच म्हणाली.

त्यानंतर तासाभरात यंत्रं आणखी दोनदा थांबली. शेठजी बाहेर आले. "उद्या पाहुण्यांसमोर एकदा जरी अशी थांबली न साहेब, तं संध्याकाळच्या गाडीनं घेऊन जाजा."

मी मिस्त्रीला, म्हणजे कारखान्याच्या फिटरला, बाजूला घेतलं. भला माणूस, बायकापोरांचा. त्याला म्हटलं, सुतळी घे आणि दांडी खांबाला बांधून टाक. कोणी कितीही ओढली तरी हलता कामा नये. खेळापुरती मी सोडीन, एरवी पाहुणे जाईपर्यंत बांधलेलीच राहू दे.

"साहेब, मंग दोरी काय कामाची?"

"एका सकाळचा प्रश्न आहे. बांध."

त्यानं बांधली. जीव वाचवायची दोरी मी स्वतः मारून टाकली, आणि रात्री धर्मशाळेत मला शांत झोप लागली. या गोष्टीची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना उशीर झाला. मी शेठजींच्या खोलीत चहा घेत होतो. दारातून शेड दिसत होती. एकदम एक किंकाळी ऐकू आली. पाहतो तर कालच्याच त्या काटकुळ्या बाईचा पदर पट्ट्यात गेला होता. तिला मागं खेचत खेचत भिंतीकडं नेत होता. शेजारच्या दोघी दोरीकडं धावल्या. मी शिकवलं होतं अगदी तसंच त्यांनी केलं. दोघी दोरीला लोंबकळल्या, मग तिसरी लोंबकळली. दोरी हलेना.

तिथल्या शंभर माणसांत दोरी का हलत नाही हे फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि मिस्त्रीला. मी खांबाकडं पळालो. बायांच्या ओढीनं सुतळीची गाठ आवळून दगड झालेली. नखं तुटली. दातानं चावली. सुटेना! मागं ती बाई "वो माय, वो माय" करत होती आणि पट्टा फिरतच होता.

कोणीतरी मला खांद्यानं बाजूला ढकललं. मुकादमीण. तिनं चंचीतून अडकित्ता काढला, सुतळीवर लावला आणि दोन्ही हातांनी दाबला. कट्. दांडी खाली आली. एक, दोन, तीन. सगळं थांबलं.

बाई जिवंत होती. उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला होता, खांदा सोलवटला होता, पण हात जागेवर होता. पट्टा कापून तिला सोडवत होतो तेवढ्यात पाहुण्यांची मोटार फाटकात शिरली. शेठजी धावत त्यांना सामोरे गेले आणि मोठ्यानं सांगू लागले, "पाहा! पाहा साहेबांची दोरी! आता एक बाई वाचली!" पाहुण्यांपैकी एकानं माझा हात हातात घेऊन दाबला. आणि मी? मी मूग गिळून गप्प बसलो. मिस्त्री जमिनीकडं बघत होता. मुकादमिणीनं कापलेली सुतळी उचलली, माझ्याकडं पाहिलं, ती माझ्या कोटाच्या खिशात घातली आणि निघून गेली. तिनं माझ्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

शेठजींच्या मोटारीनं बाईला शेगावला दवाखान्यात नेलं. मीही गेलो, कारण तिथं पाहुण्यांसमोर उभं राहणं मला जमेना. पट्ट्या बांधून झाल्यावर मी तिच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसलो. तिनं डोळे उघडले.

"साहेब," ती म्हणाली, "दोरी माह्या गाठोड्यानं बिघडली नं? काल मी टांगलं व्हतं. तुमी रागावले व्हते."

एवढं सोसून ही बाई माझी माफी मागत होती! मी म्हणालो, "नाही हो बाई. गाठोड्यानं काही झालं नाही. मी बांधून ठेवली होती. पाहुण्यांसमोर थांबू नये म्हणून. तुमचा हात माझ्यामुळं मोडला."

ती शिव्या देईल, रडेल, असं मला वाटलं. मग मान वळवून तिनं विचारलं, "हाव? मंग सोडली का आता?"

"काय?"

"दोरी. सोडली का? माह्या जागी दुपारपासून माही सून उभी राह्यली असन. न्हाई तं शेठजी जागा दुसरीले देतीन."

मी उठलो. सुतळी कापली होती हे खरं, पण नंतर काय झालं ते मी पाहिलंच नव्हतं. मोटारवाल्याला म्हटलं, जेवढी पळते तेवढी पळव. त्या तासाभराच्या वाटेत मी ज्या देवांना कधी हात जोडले नव्हते त्यांनाही जोडले.

फाटकातूनच यंत्रांचा आवाज ऐकू आला. आत गेलो. नवा पट्टा लागला होता. दोरीला सगळी गाठोडी पुन्हा टांगलेली. त्या बाईच्या यंत्रापाशी हिरव्या लुगड्यातली एक नवखी पोर कापूस भरवत होती आणि तिचा पदर पाठीवर मोकळा होता. खांबाला दांडी बांधलेली. नवी कोरी सुतळी, कालच्यापेक्षा जाड.

"तुमीच म्हनले व्हते साहेब, पाहुणे जाईस्तोर," मिस्त्री म्हणाला.

मुकादमिणीपुढं मी हात पसरला. तिनं न विचारता अडकित्ता दिला. मी सुतळी कापली, आणि त्या हिसक्यानं गाठोडी हलून दांडी आपोआप खाली आली. सगळा कारखाना थांबला. त्या शांततेत शेठजी आणि तिघे पाहुणे जेवणावरून खरकट्या हातांनी धावत आले. "काऊन थांबली? आता काऊन थांबली?"

"मी थांबवली," मी म्हणालो. "सकाळी दोरी चाललीच नाही, शेठजी. मी ती बांधायला लावली होती. मिस्त्रीची चूक नाही. त्या बाईला माझ्या दोरीनं नाही, मावशींच्या अडकित्त्यानं वाचवलं."

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं, हात धुतले आणि मोटारीत जाऊन बसले. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. मी मुकादमिणीला विचारलं, "मावशी, दोरी यायच्या आधी तुम्ही गाठोडी कुठं टांगत होता?"

तिनं दोरीमागच्या भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं एका रांगेत रिकामी भोकं होती.

"उंदीर खातेत खाली ठेवलं तं," ती म्हणाली. "म्हून खुंट्या व्हत्या."

मी मिस्त्रीकडं हातोडा मागितला. त्यानं कोपऱ्यातून पत्र्याचा एक डबा ओढत आणला आणि माझ्या पायापाशी ठेवला. दोरी बसवताना माझ्या माणसांनी उपटलेल्या सगळ्या खुंट्या त्यात होत्या.