बटण दाबलं की धुतलं पाहिजे

"ऑटोमॅटिक" हा शब्द कुणी आपल्या धुलाईखोलीत उच्चारलेला लॉर्ना प्रुशिन्स्कीला खपत नसे. ओहायोतल्या टॅनर्सबर्ग कॉलेजच्या स्टेडियमच्या पोटात ही खोली. वर बँड सुरू झाला की छताचे पोपडे खाली धुतलेल्या जर्सींवर. नवरा गेल्यापासून लॉर्ना तिथेच होती. हेल्मेट घालून खेळायच्या अमेरिकी फुटबॉलच्या संघाचे कपडे धुवायची, हेल्मेटांचे स्क्रू आवळायची, हनुवटीचे पट्टे बदलायची आणि पोरांना शिव्या घालायची. यातलं शेवटचं काम बिनपगारी, पण तेच ती सगळ्यात मन लावून करायची.

"हे बघ," नव्या पोराला ती वॉशिंग मशीनसमोर उभं करायची, "ह्याला म्हणतात ऑटोमॅटिक. बटण दाबलं, धुतलं. कपडे कुणाचे, बाप कोण, टीव्हीवर दिसतोस का, असलं काही हे मशीन विचारत नाही. आणि ती समितीची टाळकी! त्यांना म्हणावं, आमचा शब्द आम्हाला परत द्या."

टाळकी म्हणजे कुठल्याशा झकपक हॉटेलात बसून देशातले बारा संघ निवडणारी माणसं. या बारा जणांतून देशाचा विजेता ठरतो. नियम ऐकायला मोठा गोड: आपली लीग जिंका, थेट आत या, ऑटोमॅटिक. मग कळतं की लीगा पाचाहून जास्त आहेत, थेट जागा मात्र पाचच, आणि कुठले पाच विजेते खरे विजेते हे समितीच ठरवणार. म्हणजे दार आपोआप उघडतं, फक्त आधी दरवान खूश व्हावा लागतो. उरलेल्या जागा मोठ्या लीगांतल्या तिसऱ्या-चौथ्या नंबरवाल्यांना. ते तीन-तीन सामने हरलेले असतात. पण हरले कुणाकडून ते बघा, म्हणे! मोठ्यांच्या हातचा मार खाणं हीसुद्धा या मंडळींत लायकी. आणि कसोटी काय, तर संघ "डोळ्यांना पटला पाहिजे". ज्या डोळ्यांनी टॅनर्सबर्गचा एक सामना कधी धड पाहिला नाही, त्या डोळ्यांना!

त्या वर्षी टॅनर्सबर्गने लीग जिंकली. शनिवारी गावात अग्निशमन दलाच्या गाडीवरून पोरांची मिरवणूक निघाली. रविवारी दुपारी टीव्हीवर बारा नावं जाहीर व्हायची होती. सकाळीच कॉलेजच्या क्रीडा विभागाचा प्रमुख हॉलोवे धुलाईखोलीत उतरला. सोबत चॅनेलचा एक माणूस.

"लॉर्ना, आनंदाची बातमी! जेवणघरात कॅमेरा लावतायत. नावं वाचताना आपल्या मुलांचे चेहरे देशभर दिसणार."

लॉर्नाच्या हातातला पाना थांबला. "आपण आत नसलो तर?"

"तर... तेही दिसेल," चॅनेलचा माणूस म्हणाला. "लोकांना खऱ्या भावना बघायच्या असतात, मॅम."

"मिळाल्यात तुम्हाला आमच्याकडून. एकदा."

हॉलोवेने जमिनीकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

लॉर्नाचा मुलगा गॅरेट याच संघात खेळायचा. त्याच्या वर्षी संघ एकही सामना हरला नव्हता. तेव्हाही असाच कॅमेरा आला, नाव आलं नाही, आणि गॅरेटचं तोंड पडदाभर दिसलं. नाक गळतंय, ओठ थरथरतोय. झालं! तेव्हापासून दर डिसेंबरला टीव्हीवरचे टायवाले पंडित न्याय-अन्यायावर घसा फोडायला लागले की मागच्या पडद्यावर गॅरेट रडतो. एक म्हणतो, बघा केवढा अन्याय. दुसरा म्हणतो, रडण्यावर जागा वाटायच्या का? गॅरेटला कुणी विचारलं नाही. तो टेनेसीत घरांची छपरं घालतो. शिडीखालून घरमालक वर बघून विचारतो, "अरे, तू तोच रडका ना?" त्या वर्षापासून तो एकाही नाताळला घरी आला नव्हता.

"लहान कॉलेजला ही प्रसिद्धी फुकट मिळत नाही गं," हॉलोवे समजुतीच्या सुरात म्हणाला. "आणि खरं सांगू? आत गेलो तरी मोठे आपल्याला चाळीस गुणांनी चेचतील."

"मग चेचू देत! गवतावर चेचू देत, चारचौघांत. हॉटेलातल्या खुर्चीवरून काय चेचतात? आणि तू रे, तुझ्याच पोरांचं हरणं आधीच विकून आलास?"

"कॅमेरा लागणार," हॉलोवे म्हणाला आणि वळला.

लॉर्नाने गळ्यातली किल्ली काढली. शेवटच्या सामन्यानंतर हेल्मेटं कपाटात गेली की वसंतापर्यंत बाहेर येत नसत. तिने कपाट सताड उघडलं.

दुपारी पोरं जेवणघराकडे निघाली तर दारातच लॉर्ना हेल्मेटांचा गाडा घेऊन उभी. "घाला."

"मिस लॉर्ना, जेवायचंय हो आम्हाला," कप्तान टायरेल म्हणाला. हा पोरगा म्हणजे दोन दारांचा फ्रिज.

"तोंडावरच्या जाळीतून पिरोगीची उकडलेली करंजी जाते. नाही गेली तर चेपून घाल. पण त्या कॅमेऱ्याच्या डबड्यासमोर तोंड उघडं टाकून बसायचं नाही. गॅरेटला ओळखतोस ना?"

टायरेलने मुकाट हेल्मेट चढवलं. त्याच्यामागे सगळ्यांनी. शेवटी लॉर्नाने फळीवरचं एक जुनं, डाव्या बाजूला ओरखडा असलेलं हेल्मेट काढलं, आपल्या डोक्यावर दाबलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसली.

हॉलोवे लालबुंद. "काय तमाशा आहे हा? काढा ते!"

"एकाने तरी काढा," चॅनेलवाला काकुळतीला आला. "तू, कॅप्टन. फक्त तू."

"निघत नाही, सर," टायरेल आतून बोलला. "ऑटोमॅटिक आहे."

जेवणघर असं हसलं की पहिली तीन नावं कुणाला ऐकूच आली नाहीत. मग हसू विरत गेलं. सहावं नाव, नववं, अकरावं. बारावं नाव तीन सामने हरलेल्या एका बड्या संघाचं. टॅनर्सबर्ग नाही.

कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. नुसती हेल्मेटं. कुणीतरी आत नाक ओढलं, कुणाचेतरी खांदे हलले. लॉर्नाला ते पोर कळलं, कॅमेऱ्याला नाही. ती गालातल्या गालात शिवी हासडून खूश झाली.

तेवढ्यात पडद्यावर गॅरेट आला. नवे अश्रू मिळाले नाहीत म्हणून चॅनेलने जुनेच काढले. तेच नाक, तोच ओठ. एवढ्या पोरांची तोंडं तिने झाकली, आणि उघडं पडलं ते पुन्हा तिचंच पोर. हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

ती धुलाईखोलीत उतरली, हेल्मेट न काढताच. फोन वाजला तेव्हा तो आधी हेल्मेटवरच आपटला.

"मॉम, मागच्या रांगेत ते ओरखडावालं माझं ना?"

"गॅरेट? तू बघत होतास?"

"दरवर्षी बघतो. पट्टा लोंबत होता तुझा. पट्ट्यावरून मला किती बोलायचीस तू!"

"गप रे. त्यांनी तुला पुन्हा दाखवलं. माझ्यामुळे."

"ते नाहीतरी दाखवतातच. पण त्या पोरांपैकी कुणाचं काही दाखवता आलं नाही ना त्यांना?"

"नाही. एकाचंही नाही."

"नाताळला येऊ म्हणतोय. पण मॉम, वाटेत पेट्रोलपंपावर कुणी पुन्हा विचारलं, तू तोच रडका ना, तर काय सांगू?"

लॉर्नाने मशीनमध्ये कपड्यांचा गठ्ठा कोंबला आणि बटण दाबलं.

"सांग, हो, मीच तो. आणि विचार त्याला, तू काय जिंकलायस रे?"