आईंचं पाणी, पिकअपचं वजन आणि हाइलचा रस्ता

आमच्या घरात फिरायला जायचं ठरलं की "कुठे?" हा प्रश्न दुसरा येतो. पहिला असतो, "वाटेत बाथरूमची सोय काय?" आणि तो विचारतात माझ्या सासूबाई. त्या मनमाडच्या. गेल्या हिवाळ्यात व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे जुबैलला आल्या आणि दोन महिने घर ते मॉल, मॉल ते घर, एवढंच त्यांचं सौदी झालं. समुद्र दहा मिनिटांवर, पण तिथेही "तुम्ही जा, मी वरण टाकते."

कारण मला माहीत होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, इथल्या एका खाजगी हॉस्पिटलात. एकदा त्यांच्या गुडघ्यांना शेक देताना त्यांनी सांगून टाकलं. काही वर्षांपूर्वी लग्नाहून परत येताना बसच्या ड्रायव्हरला दोनदा थांबवायला सांगितलं, तो थांबला नाही, आणि नवीन साडीत सगळ्या वऱ्हाडासमोर व्हायचं ते झालं. तेव्हापासून लांबचा प्रवास बंद. सख्ख्या बहिणीच्या मुलाच्या लग्नालाही पोटदुखीचं निमित्त सांगून गेल्या नाहीत. (हे त्यांना विचारूनच लिहितेय. "लिही की, मी काय चोरी केलीय?" म्हणाल्या.)

तर मंडळी, ह्या बाईंना वाळवंट दाखवायचं असेल तर बाथरूम सोबत न्यायला हवं, हे माझ्या डोक्यात बसलं. आमच्याकडे डबल केबिन पिकअप आहेच. तिच्या हौद्यात बसवायचं छोटं घर मिळतं, त्याला ट्रक कॅम्पर म्हणतात. झोपायला गादी, एका बर्नरची शेगडी, पाण्याची टाकी, आणि नशीब असेल तर कपाटाएवढं बाथरूम. दम्मामच्या बाहेर एक गृहस्थ असे कॅम्पर भाड्याने देतात असं कळलं. डिसेंबरच्या सुट्टीत उत्तरेकडच्या हाइल शहराला जायचं ठरलं.

इथे थोडं गणित. तुम्ही असा बेत करत असाल तर हा परिच्छेद गाळू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पाटी असते. भरल्यावर गाडीचं एकूण वजन किती चालेल, ते तिच्यावर असतं. आमच्या गाडीचं ३,२०० किलो. पेट्रोलची टाकी फुल करून रिकामी गाडी काट्यावर घातली तर भरली २,३५०. उरले साडेआठशे. त्यातच कॅम्पर, माणसं, पाणी, गॅस, पांघरुणं, पोहे, सगळं बसवायचं. मागच्या चाकांची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, तीही बघा, कारण कॅम्परचा बहुतेक भार तिथेच येतो. आणि माहितीपत्रकातलं कॅम्परचं वजन रिकाम्या कॅम्परचं असतं. विमा आणि वाहतुकीचे नियम ज्याचे त्याने विचारून घ्या.

माझा नवरा मिलिंद पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये क्रेनचं काम बघतो. कुठली क्रेन किती उचलेल ते हा ठरवतो आणि हा नाही म्हणाला की मॅनेजरचंही चालत नाही. असा हा माणूस कॅम्परवाल्याच्या आवारात शिरला आणि सगळ्यात मोठ्या कॅम्परवर त्याचा जीव जडला. उभं राहून अंघोळ करता येईल असं बाथरूम, फ्रिज, चार जणांचं टेबल. वजन नऊशेच्या वर.

"अरे, थोडंफार चालून जातं," साहेब म्हणाले.

"प्लांटवर असं म्हणतोस का रे?"

ह्यावर त्याने फ्रिजचं दार उगाच दोनदा उघडून बंद केलं. शेवटी आम्ही धाकटा घेतला, पाचशे तीसचा. त्यात पडद्याऐवजी खरं दार असलेलं, एक माणूस जेमतेम बसेल असं बाथरूम होतं. कॅम्पर घरी आणल्यावर आईंनी आत जाऊन दार लावलं, कडी लावली, उघडली, परत लावली. बाहेर आल्या तेव्हा चेहरा असा उजळला होता की मला मोठ्या कॅम्परचं काही वाटेना. आम्हा चौघांचं मिळून दोनशे तीस किलो (कोणाचं किती, ते विचारू नका), सामान पन्नास, आणि सत्तर लिटरची टाकी अर्धीच भरायची. काठावर का होईना, बसलं.

शुक्रवारी सकाळी निघालो. जुबैलच्या पहिल्याच राउंडअबाउटला मागचं घर असं झुललं की आमची अकरा वर्षांची लेक ईरा "वोऽऽ!" म्हणून ओरडली. रियाधच्या हायवेला लागलो तर गाडीचं नाक वर, बूड खाली, आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. मिलिंदने वेग कमी केला. पुढच्या पेट्रोल पंपाशेजारी ट्रकांचा वजनकाटा दिसला, तिथे त्याने गाडी चढवली.

काट्यावरच्या सुदानी चाचांनी आकडा बघितला, आम्हाला बघितलं, मग आमच्या घराकडे बघितलं. "झ्यादा है, सदीक. बहुत झ्यादा." (सदीक म्हणजे मित्र.)

३,३८०. म्हणजे एकशे ऐंशी किलो जास्त!

मिलिंदने मागचं दार उघडलं आणि आम्ही शोध सुरू केला. बाकाखाली वीस लिटरचे चार कॅन. गादीमागे बाटल्यांचे खोके. कपाटात स्टीलचे डबे, पातेली, कुकर, सगळं पाण्याने भरून, वर झाकण आणि झाकणाला फडकं बांधून. बाथरूममध्ये बादली. आणि अर्धी ठेवलेली टाकी काठोकाठ. पहाटे आम्ही आवरत होतो तेव्हा आई "जरा आवरते आत" म्हणून गेल्या होत्या, ते हे आवरणं!

मला हसू आवरेना. पण खरं सांगू, त्यात हसण्यासारखं काही नाही. मनमाडला नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी येत नसे. आलं की चमचे सोडून घरातलं सगळं भरून ठेवायचं, हे आईंनी जन्मभर केलं. वाळवंटात निघालेली बाई पाणी भरणार नाही तर काय करणार? क्रेनवाल्याने सगळं मोजलं, स्वतःची आई मोजायची राहिली.

"आई, पाणी काढावं लागेल," मिलिंद म्हणाला. "ब्रेक लागणार नाही वेळेवर. टायर फुटेल."

"किती?"

"अर्धी टाकी ठेवू. बाकी सगळं."

आई खाली उतरल्या, पदर नीट केला आणि शांतपणे म्हणाल्या, "मग मलाच घरी सोडा. माझंही वजन कमी होईल आणि पाणीही लागणार नाही. तुम्ही तिघं जाऊन या."

"आजी, यू आर नॉट लगेज!" ईरा किंचाळली.

मला रडूही आलं आणि रागही आला. राग त्यांचा नव्हता, त्या न थांबलेल्या ड्रायव्हरचा होता. तो माणूस आता कुठे असेल कोण जाणे, पण इतक्या वर्षांनी माझ्या सासूला गाडीतून उतरवत होता. मी त्यांना जरा बाजूला घेतलं.

"आई, पाणी कमी पडेल ह्याची भीती आहे की कोणी थांबणार नाही ह्याची?"

"पुरुषमाणूस गाडी चालवायला लागला की त्याला पोचायचं असतं गं," म्हणाल्या. "माझा मुलगा झाला तरी."

मिलिंद ऐकत होता. कामावर तो कसा बोलतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "आई, साइटवर थांब म्हणायचा हक्क सगळ्यांना असतो. कोणी थांब म्हटलं की क्रेन थांबते. का म्हणून विचारायचं नाही. ह्या गाडीत तो हक्क तुझा."

"आजी, तू 'खलास' बोल. बस, फिनिश! डॅडी स्टॉप करेगा," ईराने शब्दही ठरवून दिला. आमच्या घरची भाषा ही अशी, त्याला इलाज नाही.

आई यायला तयार झाल्या, पण पाणी जमिनीवर ओतायला साफ नाही. पंपामागे धुळीने माखलेली कडुलिंबाची रोपं होती. चाचांनी हात करून दाखवलं आणि आम्ही चौघं कॅन, पातेली, कुकर घेऊन पाणी घालत सुटलो. "त्या कोपऱ्यातल्याला कमी मिळालंय," "ईरा, बुंध्याला घाल, पानांना नको," असं आईंचं चाललेलं. चाचांनी खुर्ची आणून बसूनच बघितलं आणि दुसऱ्यांदा वजन केल्याचे पैसे घेतले नाहीत. आकडा ३,१९५. गाडीचं नाक खाली आलं, स्टिअरिंग भानावर आलं.

वीस मिनिटं गेली असतील. "खलास!"

मिलिंदने इंडिकेटर दिला, कडेला सुरक्षित जागा बघून गाडी उभी केली. दार उघडायला मी उतरले, तर आई जागच्या हलल्याही नाहीत.

"काही नाही. बघितलं," म्हणाल्या. "चल."

मिलिंद हूं का चूं न करता निघाला. त्या क्षणी मला तो फार आवडला.

पुढचा प्रवास तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. पहिला मुक्काम रियाधच्या अलीकडे, दुसरा बुरैदाला, तिसरा हाइल. नव्वदच्या वर जायचं नाही. आडवा वारा सुटला की ऐंशी. टायरची हवा रोज सकाळी, गाडी थंड असताना बघायची. पाणी प्रत्येक मोठ्या पंपावर मिळतं, म्हणून दहा-पंधरा लिटरच भरायचं आणि पुढे जायचं. बायकांची स्वच्छतागृहं काही पंपांवर चकाचक, काहींवर नाकाला रुमाल लावून. तिथे आपलं घरचं बरं. नाश्त्याला तंदूरमधून निघालेली ताटाएवढी तमीस रोटी आणि 'फूल' नावाचं शिजवलेल्या पावट्याचं कालवण घ्या. शाकाहारी आहे, चौघांचं पोट भरतं आणि खिशाला कळतही नाही. आईंनी त्यावर आपला शेंगदाण्याचा ठेचा घातला आणि रोटीवाल्यालाही चाखवला. तो "वल्लाह!" म्हणून पाणी प्यायला धावला.

बुरैदाला खजुराच्या बाजारात क्लेजा मिळाला. आत खजूर आणि वेलची, बाहेर खुसखुशीत. "आपल्या साटोरीची लांबची बहीण," आई म्हणाल्या आणि दोन डबे घेतले. मिलिंदने डबे हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. आईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

बुरैदा ते हाइल रस्ता सरळ आणि मोकळा. तिथे दोन पंपांच्या मध्ये आईंनी चार वेळा खलास म्हटलं, चारही वेळा खरोखरीचं. एकदा मागच्या घरातून कडीचा आवाज आला आणि मग चक्क ओव्या गुणगुणायचा. पुढे ईराने आपली गाणी बंद केली.

हाइलची थंडी आपल्या निफाडच्या थंडीला घरी पाठवेल. रजया घ्याच. तिथून सकाळी जुब्बाला गेलो, तासाभराहून थोडं जास्त अंतर. लाल वाळूच्या मधोमध काळे डोंगर, आणि खडकांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कोरलेले उंट, बैल, शिकारी. आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं. पायऱ्या चढायला आईंनी वेळ लावला, पण शेवटच्या खडकापर्यंत गेल्या. एका गाईच्या चित्रासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "इथे पाणी असणार गं तेव्हा. उगाच गाय नाही काढायचं कोणी." माहितीफलकावर तेच लिहिलं होतं, तिथे पूर्वी तळं होतं म्हणून. त्यांना इंग्रजी येत नाही, मी वाचून दाखवलं तर "मग!" एवढंच म्हणाल्या आणि फोटोला उभ्या राहिल्या. कंबरेवर हात ठेवून. त्यांचा असा फोटो आमच्याकडे दुसरा नाही.

परतीला मिलिंद रस्ताभर मोठ्या कॅम्परचं आणि त्याला पेलेल अशा पिकअपचं बोलत होता. आम्ही बोलू दिलं. दम्मामला कॅम्पर परत केला तेव्हा सगळ्यात जास्त वाईट ईराला वाटलं. आईंनी आतून लादी पुसून दिली, मालक नको नको म्हणत असताना.

लोक विचारतात, गाडीवर घर बसवताना काय शिकलात? पाटी वाचा, काट्यावर जा, पाणी शेवटी भरा. एवढंच. कॅम्पर काही आम्ही विकत घेतला नाही.

फेब्रुवारीत आई मनमाडला परतल्या. मग महिनाभराने त्यांचा फोन आला. मागून हॉर्न, बायकांचा गलका.

"कुठे आहात, आई?"

"हंपीला निघालोय. महिला मंडळाची बस आहे."

"बस? आणि मग..."

"ड्रायव्हरला चढायच्या आधीच सांगितलं. मी थांब म्हटलं की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. म्हटलं, नसेल जमत तर आत्ताच बोल, दुसरी बस बघते." त्यांनी आवाज खाली आणला. "पहिल्यांदा थांबवली ना, तर मला वाटलं मी एकटीच उतरेन. अगं, माझ्यामागे सगळी बस उतरली. इतकी वर्षं सगळ्याच गप्प बसल्या होत्या."