दिराला दिलेली गादी

तो राणीचा बोलपट आधी अमरावतीला लागला आणि त्यावरची भांडणं त्याच्याआधी अकोल्याला पोचली. नवरा गेल्यावर राणी डोक्याला पागोटं बांधून स्वतः गादीवर बसते, एवढीच गोष्ट. पण कुणी म्हणे साक्षात देवी, कुणी म्हणे नवऱ्याला विष घालणारी कैदाशीण. अमरावतीत पडद्यावर हारही पडले म्हणे, आणि चपलाही.

आमचा फुलांचा मळा होता. सासरे गेल्यापासून सासूबाई अकोल्याच्या बाजारात स्वतः फुलं घेऊन बसत. आता त्यांचे गुडघे धरले होते आणि त्या जागेवर कुणी बसायचं, हा घरातला मोठा प्रश्न होता. माझे यजमान विहिरीवर मोट हाकण्यात वाघ, पण गिऱ्हाईक समोर आलं की वाचा बसायची. "वैनी, बाजार माह्याकडे द्या," असं चुलत सासऱ्यांचं, म्हणजे सासूबाईंच्या दिराचं, रोजचं पालुपद. मी नवी सून, मला कोण विचारतं? माहेरी अकोटला मी आईबरोबर भाजी विकलेली. इथं चुलीपुढे माझा जीव नुसता गुदमरत होता.

राणी शेवटी पस्तावते आणि गादी दिराला देते, हे चुलत सासऱ्यांच्या कानावर आलं. झालं! एरवी पानसुपारीलाही हात आखडणारा माणूस आम्हा सगळ्यांना अकोल्याला दुपारच्या खेळाला घेऊन गेला.

टॉकीजमध्ये बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे, मध्ये कनात. राणी घोड्यावर बसली की आमच्या बाजूनं "शाबास!" आणि पलीकडून नुसता शिमगा. माझ्या शेजारच्या दोघी बहिणी तर राणीवरून अशा जुंपल्या, की मध्यंतरात एकमेकींचे फुटाणेही घेईनात. सासूबाई मात्र राणीच्या मागे कुणाला तरी निरखत होत्या. शेवटी राणीनं तलवार दिराच्या हाती दिली. पुरुषांनी टाळ्यांचा कडकडाट केला, त्यात चुलत सासऱ्यांची टाळी मला बरोबर ओळखू आली. मी फार खट्टू झाले.

परतताना बंडीत चुलत सासरे म्हणाले, "पाह्यलं ना वैनी? शेवटी समजलं तिले."

"काय समजलं? येडी होती ते," सासूबाई म्हणाल्या.

"येडी? कावून?"

"राणी चांगली का वाईट म्हणून सारे भांडून राह्यले. पण मांगं आरतीचं ताट घेऊन उभी होती, ते पोरगी कोण होती? पुऱ्या खेळात एक शब्द नाही बोलली बिचारी."

"ते होय? ते राणीची सून."

"मंग! घरात सून असताना गादी दिराले कायले देल्ली?"

यजमान उगीचच बैलांना हाकारत होते, पण त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते. मी पदर तोंडाला लावून बाहेर कापसाची बोंडं फुटलेल्या पऱ्हाटीच्या शेतांकडे बघत राहिले.

घरी चुलत सासरे रुसून बसले, जेवायला मात्र वेळेवर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीच्या पूजेचं ताट घेऊन अंगणात निघाले होते. सासूबाई दारात उभ्या होत्या. फुलांची टोपली त्यांनी माझ्यापुढे सरकवली. वर त्यांचं बाजारात बसायचं पोतं घडी करून ठेवलेलं होतं.

"ते ताट ठेव खाली," त्या म्हणाल्या. "बाजार भरून राह्यला."

मला इतका आनंद झाला, की मी अनवाणीच निघाले.