नेक ब्रेस घेऊ का, आक्का?

"मानेचा पाचवा मणका सहाव्यावरून सरकलाय," डॉक्टर म्हणाले. उजेडाच्या पाटीवर लावलेल्या एमआरआयच्या फिल्मवर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं. "इथं मज्जारज्जू दबलाय. कम्प्लीट इन्ज्युरी."

कम्प्लीट म्हणजे पूर्ण. त्या जागेच्या खाली मेंदूचा निरोप जात नाही आणि खालची जाणीव वर येत नाही. माझा धाकटा भाऊ विकास, वय एकतीस, भिंतीपलीकडे आयसीयूत पूर्ण शुद्धीवर होता. खांदे उचलत होता. कोपर थोडं वाकत होतं. बोटं आणि पाय हलत नव्हते.

मी पाटोद्यात एका कॉलेजची ग्रंथपाल आहे. ज्यांच्या घरात डोंगरातून मोटारसायकल पळवणारं कुणी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लवकर लिहून होत नाही.

विकास आणि त्याचा मित्र जावेद यांचं गॅरेज होतं. रविवारी दोघं चार-पाच पोरांबरोबर गावाबाहेरच्या डोंगरात जायचे. रस्ता नाही, नुसता मुरूम, दगड आणि ओघळी. त्याला ते ऑफ-रोडिंग म्हणतात. विकासकडे हेल्मेट होतं, गुडघ्याचे पॅड होते, चांगले बूट होते. थंडीत एकदा तो मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

"आक्का, ह्यो नेक ब्रेस. घेऊ का? तू वाचून सांग."

नेक ब्रेस म्हणजे हेल्मेटच्या खाली खांद्यावर बसणारं कडक कडं. पडताना डोकं फार मागे किंवा पुढे फेकलं जाऊ नये म्हणून ते अडवतं. आमचे वडील शिक्षक होते. आधी वाचायचं, मग बोलायचं, ही त्यांनी घराला लावलेली शिस्त. त्यामुळे घरातला कुठलाही प्रश्न शेवटी माझ्याकडे यायचा.

मी दोन संध्याकाळी वाचलं. काही डॉक्टर म्हणत होते, उपयोग होतो. काही म्हणत होते, नक्की सांगता येत नाही. गळ्याच्या हाडावर भार येतो, असाही कुणाचा आक्षेप होता. मी ग्रंथालयाच्या एका कार्डाच्या पाठीमागे त्याला लिहून दिलं: ठोस पुरावा नाही. सध्या घेऊ नये.

"आक्कानं निकाल दिला बे!" असं तो जावेदला ओरडून सांगत गेला.

"फायद्याचा पक्का पुरावा मिळाला नाही" आणि "फायदा नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मुलांना मी हेच समजावते. त्या दिवशी मी पहिलं वाचलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं. याचं एक कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला त्याचं डोंगरात जाणं आवडत नव्हतं. गळ्यात आणखी एक संरक्षण आलं की हा आणखी उंचावरून उड्या मारेल, असं मला वाटलं. त्यानं पुरावा मागितला होता. मी त्याला माझी इच्छा दिली.

अपघात रविवारी सकाळी झाला. उतारावर पुढचं चाक ओघळीत अडकलं आणि तो हॅंडलवरून डोक्यावर पडला. मी तिथे नव्हते. पुढचं जावेदनं सांगितलं. जवळ शेळ्या राखणारे एक म्हातारे बाबा होते. ते म्हणाले, "हलवू नगा रं त्याला. वाडीवरून बाज आणतो."

पूर्वी या वाड्यांवरचा आजारी माणूस बाजेवरच खाली यायचा, चार खांद्यांवर. पण ते तिरडीसारखं दिसतं. जावेद त्यांच्या अंगावर ओरडला, "बाजेवर न्यायला काय मेलाय का त्यो?"

त्यांनी हेल्मेट ओढून काढलं. पाणी पाजलं. मग त्याला गाडीवर बसवलं. पुढे एक, मध्ये विकास, मागून जावेद. असे ते तीन किलोमीटर दगडातून डांबरी रस्त्यापर्यंत आले. आमच्याकडे सगळे असंच करतात. मी तिथे असते, तर मीही "लवकर न्या" एवढंच म्हणाले असते.

तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्या मानेला सर्व्हायकल कॉलर लावली. मान हलू नये म्हणून लावतात तो जाड पट्टा. मी पोचले तेव्हा तो छताकडे बघत होता. मला बघून हसला.

"बघ आक्का, शेवटी नेक ब्रेस गावलाच."

तिथून बीड, बीडहून नगर. मंगळवारी ऑपरेशन झालं. धातूची पट्टी आणि स्क्रू घालून मणके जागेवर बसवले. "हे मान स्थिर करायला आहे," डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. "हातपाय परत येतील असं समजू नका."

बाहेरच्या बाकावर आई डबा न उघडता बसून राहायची. आत एका वेळी एकालाच सोडत. पाचव्या दिवशी विकासनं मला रिपोर्टची फाइल आणायला लावली.

"हात येतील का? वाचून सांग."

मी फाइल उघडली. कम्प्लीट हा शब्द दुसऱ्याच ओळीत होता. मी म्हणाले, "अजून स्पष्ट नाही, विकास."

तो म्हणाला, "तुला कधी स्पष्ट असतं का गं?"

त्यात राग नव्हता. तो मला चिडवत होता, लहानपणापासून चिडवायचा तसा. मी फाइल बंद केली आणि त्याचे केस विंचरत बसले, कारण तेवढंच त्याला जाणवत होतं.

नवव्या दिवशी ताप आला. छातीचे स्नायू गेले की माणसाला खोकता येत नाही. कफ आतच साठतो आणि न्यूमोनिया होतो. त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. नंतर ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी घातली. त्यानंतर त्याचा आवाज आला नाही. ओठ हलायचे, आणि मला ते वाचता येत नव्हते. जन्मभर वाचत आले, आणि ते मला वाचता आलं नाही.

एका दुपारी मी डॉक्टरांना गाठलं. "नेक ब्रेस असता, तर?"

त्यांनी घड्याळ बघितलं आणि तरी खुर्ची ओढून बसले. "माहीत नाही. मान मागे फेकली गेली असेल तर कदाचित वाचला असता. सरळ टाळूवर पडला असेल तर फरक पडला नसता. तो कसा पडला, ते मी फिल्म बघून ठरवू शकत नाही."

"मग घालावा की नाही?"

"माझा मुलगा साधी सायकल चालवत नाही. चालवत असता तर घातला असता मी त्याला."

विकास चौतिसाव्या दिवशी पहाटे गेला. विहारात पुण्यानुमोदनाला गॅरेजची सगळी पोरं आली होती. बाजेचं बोलणारे बाबाही आले, डोंगरातून चालत. माझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. त्या हाताचं ऋण माझ्यावर आहे. कॉलर लावलेल्या मानेखालचा घाम रोज न कंटाळता पुसणाऱ्या सिस्टरचंही आहे.

आता पोरं मला विचारतात, "आक्का, घ्यावा का?" मी म्हणते, घ्या. खात्री देत नाही, पण घ्या. आणि कुणी पडलं तर त्याला उठवू नका, बसवू नका. हेल्मेट ओढू नका. एकानं दोन्ही हातांनी डोकं आहे तसं धरून ठेवा आणि १०८ लावा. गाडी वर येणार नसेल तर सपाट फळी आणा, चौघांनी मिळून एकदम उचला, आडवंच न्या. ते तिरडीसारखं दिसू द्या.

जावेदनं गॅरेजमध्ये दाराची एक जुनी फळी पट्टे ठोकून टांगली आहे. परवा मी गेले तर तो एका गाडीची चेन काढत होता. वर न बघता म्हणाला, "आक्का, एक विचारू? तिथं पडला तवा त्याचा पाय हलत हुता. मी बघितला. गाडीवर बसवल्यावर हलला न्हाई. म्या मारलं का त्याला?"

हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही कुणी सांगितलं नव्हतं. ऐकताक्षणी मला कळलं की याचं उत्तर बहुधा काय आहे.

"नाही," मी म्हणाले. "तुझ्यामुळे नाही."

"कुठं वाचलं?"

"कुठंच नाही. मी सांगते म्हणून."

त्यानं हात पुसले. मग गिऱ्हाइकांची कार्डं ठेवायच्या डब्यातून माझ्याच अक्षरातलं, तेलाचे डाग पडलेलं ते कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. म्हणाला, "मग ह्याच्यामुळं बी न्हाई. मी सांगतो म्हणून."

आम्ही दोघंही त्या कार्डाकडे बघत उभे राहिलो. त्याच्या म्हणण्यावर माझा विश्वास बसला नाही. माझ्या म्हणण्यावर त्याचा बसला की नाही, ते मी विचारलं नाही. ते कार्ड त्याच्याकडेच आहे.