आचलनं न भरलेला फॉर्म

पुलगावच्या ज्युनिअर कॉलेजात यादी लागली तेव्हा आचल भुसारीचं नाव चौथं होतं. अकरावी सायन्सच्या दीडशे मुलांतून तीस जण अ‍ॅडव्हान्स बॅचसाठी निवडले होते. सकाळी सात ते दुपारी चार वर्ग, दोन वर्षांचं गणित नऊ महिन्यांत संपवायचं आणि मग इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी. पालकांची सही घेऊन फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचा होता.

मैत्रिणींनी तिला मिठी मारली. आचल हसली, पण फॉर्म तिनं लगेच दप्तरात सारला.

तिचे वडील धनंजय पंपाच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचे, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी भरायचे. स्टेशनजवळ त्यांचं छोटं दुकान होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी देवळीहून मोटार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकालाही बातमी सांगून टाकली होती. "पोरगी चौथी आली, नत्थूजी! दीडशेत चौथी!" आचल दाराशी उभी राहून ऐकत होती. फॉर्म दप्तरातच राहिला.

कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. दहावीला गणितात मिळालेले सत्त्याण्णव आणि हा चौथा नंबर, दोन्ही पाठांतराचे होते. गाइडातली गणितं ती पायऱ्यांसकट घोकायची, अगदी कविता घोकावी तशी. आकडे बदलले तर निभायचं, पण प्रश्नच वेगळ्या तऱ्हेनं विचारला की तिचा हात जागच्या जागी थांबायचा. आजवर तसा प्रश्न फारसा कुणी विचारला नव्हता, एवढंच.

गुरुवारी मधल्या सुट्टीत ती गणिताच्या मीरा मॅडमकडे गेली. स्टाफरूममध्ये त्या एकट्याच डबा खात होत्या.

"मॅडम, मले गणित येत नाई," आचल एका दमात म्हणाली. "मी सगळं पाठ करते."

मॅडमनी घास खाली ठेवला. त्यांना राग येईल असं आचलला वाटलं होतं. त्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला. "बारा कोपऱ्यांची आकृती आहे. तिला कर्ण किती? सूत्र आठवायचं नाही. बस इथं."

सूत्र तिला येतच नव्हतं. दहा मिनिटं ती नुसती बसून राहिली. मग बारा कोपरे जमेनात म्हणून तिनं चार काढले. कर्ण दोन. पाच काढले, पाच कर्ण. सहाला नऊ. म्हणजे आधी तीन वाढले, मग चार. सातला चौदा होतील का? तिनं काढून पाहिलं, बरोबर चौदाच. मग ती सहा, सात, आठ अशी भर घालत बारापर्यंत गेली. एव्हाना पुढच्या तासाची घंटा होऊन गेली होती.

"चौपन्न," ती म्हणाली.

"बरोबर. पण दर वेळी एकानं जास्त का वाढतात?"

"ते नाई माहीत."

"उद्या सांग."

"मंग मी बॅचले जाऊ का नको?"

"ते मी नाही ठरवणार. एवढंच सांगते, तिथं या प्रश्नाला तीन मिनिटं मिळतील आणि सूत्र आधीच फळ्यावर असेल. काहींना ते मानवतं. तुझं तू बघ."

त्या दिवशी आचल सायकल हाणत घरी नाचणगावला न जाता थेट दुकानात गेली. धनंजय एका मोटारीतून जळकी तार ओढून काढत होते. तिनं फॉर्म त्यांच्यापुढं ठेवला आणि पाठांतराचं सगळं सांगून टाकलं. धनंजयनी हातातली तार खाली ठेवली.

"तुले भेव वाटून राह्यलं का?" त्यांनी विचारलं.

"भेव नाई, बाबा. मले गणित शिकायचं आहे. पण तिथं गेले तं पुन्हा घोकतच बसीन. टाइमच नाई भेटणार."

"मंग आतापर्यंत काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही सगळ्याइले सांगत होते ना."

धनंजयनी हात पुसले. चेहरा जरा ओशाळला होता. "म्या हे काम शिकलो तं पह्यलं वर्षभर उस्तादानं नवी तार हातातच नाई देल्ली. नुसती जुनी सोडवत जाय म्हणे, गुंडाळली कशी ते समजल. माह्यासंगचा एक पोरगा तीन महिन्यांत मोटारी भरू लागला होता. मले लय लाज वाटे." त्यांनी फॉर्मची घडी करून तिच्या हातात दिली. "नको भरू. लोकाइले काय सांगायचं ते मी पाहून घेतो."

आचलला एकदम रडू आलं आणि त्यातच हसूही. घरी जाऊन तिनं तीन भाकरी खाल्ल्या. गेले चार दिवस तिला धड जेवण गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजची वाट निम्मी झाली असताना ती सायकल थांबवून खाली उतरली. नवा कोपरा काढला की शेजारचे दोन सोडून आधीच्या प्रत्येक कोपऱ्याकडे त्याच्यापासून एक कर्ण निघतो, आणि आधीची एक बाजू आत पडून तीसुद्धा कर्ण होते! दर वेळी आधीचे कोपरे एकानं जास्त असतात, म्हणून भरही एकानं वाढत होती. वर्गात शिरण्याआधी तिनं मॅडमना गाठून ते सांगितलं. खडू तिच्या हातात देऊन त्यांनी तिला फळ्याकडं नेलं.

पहिल्या चाचणीत आचलला पंचवीसपैकी चौदा मिळाले. इतके कमी गुण तिला आजवर कधीच पडले नव्हते. तिनं पेपर दुकानात नेऊन दाखवला. धनंजयनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला.

"यातले पाठ केलेले किती?"

"एकबी नाई."

"बस मंग," ते म्हणाले आणि बाजूच्या टपरीवाल्याला त्यांनी दोन चहा सांगितले.