कागदावर नसलेली मालकीण

शालूताई दुसऱ्याच्या दुकानात शिरल्या की आधी पदराने फळीवरच्या पुड्यांची धूळ पुसायच्या. मग जुने पुडे पुढे ओढायच्या, नवे मागे सरकवायच्या आणि त्यानंतरच दुकानदाराशी बोलायच्या. एखादा नवखा दुकानदार अवघडून म्हणायचा, "राहू द्या ना ताई, मी करतो." त्यावर ताई म्हणायच्या, "तुमी करत असते तं धूळ काहून बसली असती?"

तेल्हाऱ्यात एका बिस्किट कंपनीची एजन्सी त्या चालवत. अकोल्याच्या डेपोतून ट्रक यायचा, माल आमच्या गोदामात उतरायचा आणि तिथून टेम्पोने तालुक्यातल्या किराणा दुकानांत जायचा. मी त्यांच्याकडे सेल्समन होतो. ऑर्डरी घेणं माझं काम, पण ड्रायव्हरशेजारी ताई स्वतः बसायच्या. गाडी भरताना हमालांना सांगायच्या, "शेवटच्या गावचा माल पयले चढवा. सडकेवरच्यायले कोनीबी देईन. त्या लोकायले आपल्याबिगर कोन हाये?"

ती शेवटची गावं म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याची, चार-दोन दुकानांची. पावसाळ्यात काळ्या मातीचा रस्ता टेम्पोची चाकं धरून ठेवायचा. एकदा नाल्याला पाणी आलं आणि गाडी अलीकडेच अडकली. मी म्हणालो, परत फिरू. ताईंनी जवळच्या शेतातून एक ट्रॅक्टर बोलावला, पेट्या ट्रॉलीत चढवल्या, वर ताडपत्री बांधली आणि पाणी ओसरल्यावर स्वतः ट्रॉलीत बसून पलीकडे गेल्या. परतल्या तेव्हा कमरेपर्यंत चिखल. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "पोळा हाये उद्या. लेकरं दुकानात येतीन अन् रिकाम्या बरण्या पाहून जातीन काय?"

कागदावर मात्र ताई कुठेच नव्हत्या. एजन्सी होती त्यांच्या नवऱ्याच्या, वसंतरावांच्या नावावर. वसंतराव कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून, अतिशय सरळ आणि भिडस्त. एजन्सी घेताना कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं, बाईच्या नावाने अर्ज पाठवला तर वर अडकेल. ताईंनी तेव्हा मान डोलावली. पुढे अमरावतीच्या एका हॉटेलात विक्रेत्यांचा मेळावा झाला. आमच्या एजन्सीला बक्षीस मिळालं. स्टेजवर वसंतरावांना शाल घातली गेली, ताई खाली बसून टाळ्या वाजवत होत्या. परतीच्या एसटीत मी चिडून बोललो, तर म्हणाल्या, "नाव कोनाचंही राहो. गाडी तं माहीच हाये ना." मग त्या अकोट येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

नंतर कंपनीत नवा साहेब आला. तरुण, गोड बोलणारा. म्हणाला, मला तुमची सगळी लाइन पाहायची आहे. ताईंनी त्याला टेम्पोत शेजारी बसवून गावोगाव नेलं. कोणत्या दुकानात काय खपतं, कुठल्या आठवडी बाजाराच्या आधी माल पोचायला हवा, सगळं सांगितलं. तो प्रत्येक दुकानासमोर उतरून मोबाइलमध्ये ठिकाण टिपून घ्यायचा. दुपारी झाडाखाली ताई त्याला आपल्या डब्यातली भाकर आणि ठेचा द्यायच्या. "घरापासून दूर राहते बिचारा," असं मला म्हणायच्या.

दिवाळी झाली आणि त्याचा फोन वसंतरावांना आला. आमचा भाग आता अकोल्यातल्या मोठ्या गोदामाकडे जाणार होता. दुकानदार मोबाइलवरून ऑर्डर देतील, तिथूनच गाडी येईल, मधल्या एजन्सीची गरज नाही. वसंतराव गोदामात येऊन हे सांगत होते तेव्हा ताई पेट्यांची थप्पी लावून घेत होत्या.

"मंग तुमी काय म्हटलं?" ताईंनी विचारलं.

"मी बरं म्हटलं," वसंतराव म्हणाले.

"बरं म्हटलं? मले इचारलं काहून नाही?"

"साहेब बोलून राहिले होते शालू. मी काय म्हननार?"

ताईंनी उरलेली थप्पी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या कंपनीच्या अमरावतीच्या ऑफिसात गेल्या. बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "एजन्सी कोणाच्या नावावर आहे?" ताईंनी सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांनाच पाठवा." तेवढ्यात तो साहेब आतून बाहेर आला. ताईंना पाहून थबकला आणि म्हणाला, "मॅडम, निर्णय वरून आलाय, माझ्या हातात काही नाही." पाणीसुद्धा विचारलं नाही. जिना उतरताना ताईंनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

टेम्पो विकला. गोदाम सोडलं. सडकेवरचे दुकानदार दोन-चार दिवस हळहळले आणि मोबाइलवर मिळणाऱ्या स्वस्त भावामागे लागले. ज्या दुकानदारांच्या फळ्या ताईंनी पदराने पुसल्या, त्यातल्या एकानेही घरी येऊन चौकशी केली नाही. मी अकोल्याला एका औषधांच्या ठोक विक्रेत्याकडे लागलो. सुटीत भेटायला जायचो. ताई अंगणात बसलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "काम गेलं त्याचं दुख नाही रे. पन हे काम मी करत होती, हेच कोनाले माहीत नाही." पुढच्या उन्हाळ्यात हृदयविकाराने त्या गेल्या.

त्यानंतर मी वसंतरावांना भेटायला गेलो होतो, त्याच दिवशी कंपनीचा आणखी एक नवा अधिकारी घरी आला. अकोल्याच्या गाडीला पायथ्याची गावं परवडेनात, तिथे दुसऱ्या कंपनीचा माल घुसला होता. ताईंच्या हार घातलेल्या फोटोखाली बसून तो वसंतरावांना म्हणाला, "सर, ती लाइन तुम्हीच उभी केली होती. पुन्हा मनावर घ्या."

वसंतरावांनी फोटोकडे बोट दाखवलं. अधिकाऱ्याने मागे वळून पाहिलं. "सॉरी सर," तो म्हणाला, "मॅडमही धंद्यात लक्ष घालायच्या का?"

वसंतरावांनी उठून फोटोचा तिरपा झालेला हार सरळ केला. मग म्हणाले, "मी जिनिंगातला कारकून, साहेब. पेटीत पुडे किती असतात, थेही मले माहीत नाही."

अधिकारी चहा अर्धा ठेवून उठला. त्या गावांत कंपनीचा माल अजून जात नाही.